विश्लेषण : ब्राउझरमध्ये नवे काय येणार, हे नेमके कुठे ठरते?

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ओटीटीवरचा चित्रपट सुरू असताना स्क्रीनशॉट काढला, तर अनेकदा गॅलरीत चित्राऐवजी नुसती काळी चौकट दिसते. हा फोनमधला बिघाड नाही. ओटीटी कंपनी, ब्राउझर आणि फोन यांच्यात ठरलेली ती व्यवस्था आहे आणि तिचा वेबशी संबंधित भाग एका जागतिक मानकात लिहिलेला आहे. हे मानक २०१७ मध्ये मंजूर झाले, तेव्हा त्यावरून तंत्रज्ञान जगतात मोठा वाद झाला. पण असे मानक तयार करायचे की नाही, याचा निकाल चार वर्षे आधीच, २०१३ मध्ये लागला होता. तोही मानकाच्या मसुद्यावर नव्हे, तर त्यावर काम करणाऱ्या गटाच्या ‘चार्टर’वर. हे चार्टर म्हणजे काय, त्यात नवे काम कसे घातले जाते आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, याविषयी...

वेबची मानके कोण ठरवते?

एकच संकेतस्थळ क्रोम, सफारी आणि फायरफॉक्समध्ये जवळपास सारखे दिसते, कारण हे सर्व ब्राउझर काही समान नियम पाळतात. हे नियम म्हणजे वेब मानके. ती कोणत्याही एका सरकारच्या किंवा कंपनीच्या ताब्यात नाहीत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, म्हणजेच डब्ल्यूथ्रीसी, ही या क्षेत्रातील प्रमुख संस्था. गुगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला यांच्यासह विद्यापीठे, सरकारी यंत्रणा आणि स्वयंसेवी संस्था असे साडेतीनशेच्या आसपास सदस्य तिच्यात आहेत. प्रत्येक सदस्य संस्थेचा एक प्रतिनिधी सल्लागार समितीवर असतो. महत्त्वाच्या प्रस्तावांवर मत देण्याचा अधिकार या समितीला आहे.

प्रत्यक्ष काम मात्र छोट्या कार्यगटांमध्ये चालते. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसचा एक गट, ऑनलाइन पेमेंटचा दुसरा, ध्वनी-चित्रफितींचा तिसरा. या प्रत्येक गटाचा अधिकार एका लेखी दस्तावेजातून येतो. तोच चार्टर.

चार्टरमध्ये काय असते?

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका आठवा. सभेत त्या विषयांवरच निर्णय होतात. चार्टर साधारण तसाच, फक्त एका बैठकीपुरता नव्हे, तर गटाच्या पूर्ण मुदतीसाठी. गटाचे उद्दिष्ट, कामाची हद्द, तयार करायच्या मानकांची यादी, मुदत, यश कशाला म्हणायचे याचे निकष आणि इतर कोणत्या गटांशी समन्वय ठेवायचा, हे त्यात लिहिलेले असते. काय करायचे नाही, याचीही यादी अनेक चार्टरमध्ये असते. मुदत सहसा दोन वर्षांची. ती संपली की चार्टरचे नूतनीकरण करावे लागते किंवा गट बंद होतो.

एक फरक मात्र मोठा आहे. सोसायटीच्या विषयपत्रिकेत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असे एक कलम असते आणि भांडणाचे बरेचसे विषय तिथूनच आत येतात. डब्ल्यूथ्रीसीच्या चार्टरमध्ये असे सर्वसमावेशक कलम नसते. हद्दीबाहेरचे काम गटाच्या अध्यक्षाला आवडले, सर्व सदस्यांना पटले, तरी ते परस्पर सुरू करून त्याचे मानक करता येत नाही.

हद्दीबाबत इतका काटेकोरपणा कशासाठी?

मुख्य कारण आहे पेटंट. वेबवर एखादे बटण दाखवण्यासाठी किंवा व्हिडीओ सुरू करण्यासाठी कोणाला स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही. ही सवलत आपोआप मिळालेली नाही. २००१ मध्ये डब्ल्यूथ्रीसीत असा एक मसुदा पुढे आला होता की, ‘वाजवी’ शुल्क आकारणाऱ्या पेटंटवर आधारित मानकांनाही परवानगी असावी. विकासकांनी त्याला कडाडून विरोध केला. अखेर २००४ मध्ये निःशुल्क पेटंट धोरण लागू झाले.

या धोरणानुसार एखादी कंपनी कार्यगटात सामील झाली, की त्या गटाच्या मानकांसाठी अत्यावश्यक असलेली आपली पेटंट सर्वांना विनाशुल्क वापरू देण्याची बांधिलकी ती स्वीकारते. एखादे पेटंट वगळायचे असेल, तर मानकाचा पहिला सार्वजनिक मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून १५० दिवसांत तसे जाहीर करावे लागते.

आता कंपनीच्या वकिलाच्या जागी बसून विचार करा. ‘आमची कोणती पेटंट पणाला लागणार?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला चार्टरमधूनच मिळते. उद्या गटाने मनाला येईल ते नवे काम हाती घेतले, तर कंपनीने कशावर सही केली याला अर्थच उरणार नाही. मग मोठ्या पेटंटधारक कंपन्या गटात येणार नाहीत आणि त्या बाहेर राहिल्या, की त्यांची पेटंट या बांधिलकीत येणार नाहीत. म्हणजे चार्टरची हद्द कंपन्यांना जेवढी संरक्षण देते, तेवढीच फुकट वेब वापरणाऱ्या आपल्यालाही. म्हणूनच चार्टरमध्ये नवी मानके घातली गेली, की आधीपासूनच्या सदस्यांनाही गटात नव्याने सामील व्हावे लागते. जुन्या सहीवर नवे काम चालत नाही.

नवे काम चार्टरमध्ये कसे येते?

वाट साधारण पाच टप्प्यांची आहे.

पहिला टप्पा : रोपवाटिका. नवी कल्पना सहसा थेट कार्यगटात येत नाही. ती आधी ‘कम्युनिटी ग्रुप’मध्ये रुजवली जाते. असा गट सुरू करायला पाच समर्थक पुरतात आणि त्यात सामील व्हायला शुल्क नाही. वेब इन्क्युबेटर कम्युनिटी ग्रुप ही यातील सर्वात गजबजलेली जागा. इथे कल्पनेचा कच्चा मसुदा तयार होतो, एखादा ब्राउझर प्रायोगिक स्वरूपात ती सुविधा देऊन पाहतो आणि विकासकांचे अनुभव गोळा होतात.

दुसरा टप्पा : चार्टरचा मसुदा. कल्पनेत दम आहे असे वाटले, की डब्ल्यूथ्रीसीचे कर्मचारी आणि संबंधित मंडळी चार्टरचा नवा मसुदा लिहायला घेतात. अशी तयारी सुरू आहे, याची पूर्वसूचना सल्लागार समितीला द्यावी लागते. मसुदे गिटहबवर खुले असतात आणि त्यावर कोणीही सूचना नोंदवू शकतो.

तिसरा टप्पा : चौफेर तपासणी. दिव्यांगांसाठी सुलभता, जगातील भाषा व लिपी, खासगीपणा आणि सुरक्षा या अंगांनी मसुदा तपासला जातो. या कामामुळे कोणाचे नुकसान होऊ शकते, हा प्रश्न इथे पहिल्यांदा अधिकृतपणे विचारला जातो.

चौथा टप्पा : सदस्यांचा कौल. मसुदा सल्लागार समितीपुढे किमान चार आठवडे ठेवला जातो. सदस्य पाठिंबा देऊ शकतात, बदल सुचवू शकतात, तटस्थ राहू शकतात किंवा ‘औपचारिक हरकत’ नोंदवू शकतात. हरकतीसोबत कारणे द्यावी लागतात आणि काय बदलले तर ती मागे घेता येईल, हे सांगणेही अपेक्षित असते. इथे निव्वळ बहुमत पुरत नाही. एकाच सदस्याची हरकत असली, तरी तिची दखल घ्यावीच लागते.

पाचवा टप्पा : निकाल. चर्चेतून हरकत मिटली नाही, तर पूर्वी संचालक या नात्याने बर्नर्स-ली यांच्या नावाने निकाल दिला जाई. २०२३ मध्ये डब्ल्यूथ्रीसी स्वतंत्र ना-नफा संस्था झाली आणि हे काम ‘कौन्सिल’कडे आले. तांत्रिक रचना गट आणि सल्लागार मंडळाचे सदस्य तसेच संस्थेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांचा तिच्यात समावेश असतो. निकाल मान्य नसल्यास सल्लागार समितीतील ५ टक्के सदस्यांच्या पाठिंब्यावर अपील करता येते आणि मग सर्व सदस्यांचे मतदान होते.

प्रत्येक बदलासाठी हा सगळा खटाटोप करावा लागतो का?

नाही. हद्दीत राहून मानकातील चुका दुरुस्त करणे, स्पष्टीकरण घालणे, चाचण्या लिहिणे यासाठी चार्टर बदलावा लागत नाही. नुसती मुदतवाढ हवी असेल आणि नवे काम नसेल, तर तीही तुलनेने लवकर मिळते.

काही गटांनी मधला मार्ग काढला आहे. अजून रोपवाटिकेत असलेल्या कल्पनांची ‘पुढे घेता येतील अशी कामे’ म्हणून यादी ते चार्टरमध्ये आधीच देतात. एकाहून अधिक ब्राउझरनी रस दाखवला, तर मुदतीच्या मध्येच ती कल्पना गटात घेता येते. यादी सर्वांनी आधीच पाहिलेली असल्याने वकिलांनाही धक्का बसत नाही. सिलॅबसमध्ये ‘ऐच्छिक घटक’ आधीच छापून ठेवावा, तसा हा प्रकार.

वाट सुरळीत पार पडल्याचे उदाहरण म्हणजे वेबअसेंब्ली. ब्राउझरमध्ये जड गेम किंवा फोटो संपादनासारखी कामे वेगाने चालवणारे हे तंत्र २०१५ मध्ये कम्युनिटी ग्रुपमध्ये आले. क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज या चारही ब्राउझरनी साथ दिली. २०१७ मध्ये त्यासाठी चार्टर मंजूर होऊन कार्यगट स्थापन झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत मानक प्रसिद्ध झाले.

मग २०१३ चा वाद काय होता?

त्या काळी वेबवर चित्रपट पाहायचा, तर अडोबीचा फ्लॅश किंवा मायक्रोसॉफ्टचा सिल्व्हरलाइट असा प्लगइन वेगळा बसवावा लागे. चित्रपट कंपन्यांना कॉपी रोखणारे कुलूप हवे होते आणि ते या प्लगइनमध्ये होते. प्लगइन जाऊन त्यांची जागा ब्राउझरने घ्यावी, यासाठी गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि नेटफ्लिक्स यांच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये एक प्रस्ताव मांडला. नाव ‘एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स’, म्हणजेच ईएमई.

ईएमई स्वतः कुलूप नाही. संकेतस्थळाने ब्राउझरमधील कुलूप उघडणाऱ्या भागाशी कसे बोलायचे, एवढेच ते सांगते. तो भाग मात्र कंपन्यांच्या मालकीचा आणि बंदिस्त. गुगलचा वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचा प्लेरेडी, ॲपलचा फेअरप्ले ही त्याची उदाहरणे. त्याच्या आत काय चालते, हे बाहेरच्या कोणालाही पाहता येत नाही.

डिजिटल हक्कांसाठी लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, म्हणजेच ईएफएफ, ही अमेरिकी संस्था २०१३ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची सदस्य झाली. मे महिन्यात तिने एचटीएमएल कार्यगटाच्या नव्या चार्टरच्या मसुद्यावर औपचारिक हरकत नोंदवली. ईएमईचा मसुदा सुधारून द्या, असे तिचे म्हणणे नव्हते. हा विषयच या गटाच्या हद्दीत नको, असे होते. खुल्या वेबच्या मानकात वापरकर्त्याविरुद्ध काम करणाऱ्या कुलपाला जागा दिली, तर उद्या मजकूर, छायाचित्रे, फॉन्ट यांनाही तीच मागणी होईल, असा तिचा युक्तिवाद होता.

दुसरी बाजूही अगदीच पोकळ नव्हती. मानक केले नाही, तर कुलूप नाहीसे होणार नाही. ते ॲपमध्ये किंवा प्लगइनमध्ये जाईल आणि तिथे खासगीपणा व सुरक्षेबाबत कोणाचेच नियंत्रण राहणार नाही, असे समर्थकांचे म्हणणे होते. २०१३ च्या सप्टेंबरअखेर बर्नर्स-ली यांचा निकाल आला : संरक्षित मजकूर चालवणे हा विषय हद्दीत आहे. चार्टर मंजूर झाला. पुढच्याच वर्षी, आजवर विरोधी भूमिका घेणाऱ्या मोझिलानेही प्रेक्षक गमावण्याच्या भीतीने फायरफॉक्समध्ये ही सोय देण्याचे जाहीर केले.

पुढे हे काम वेगळ्या कार्यगटाकडे गेले. त्याची मुदत वाढवण्याची वेळ २०१६ मध्ये आली, तेव्हा ईएफएफने तडजोड सुचवली. कुलपातील सुरक्षा त्रुटी शोधणारे संशोधक किंवा दिव्यांगांसाठी सुविधा जोडणारे विकासक यांच्यावर कुलूप तोडल्याचे खटले भरणार नाही, असे सदस्यांनी लिहून द्यावे. यावर एकमत झाले नाही. जुलै २०१७ मध्ये ईएमईला हिरवा कंदील मिळाला. ईएफएफने डब्ल्यूथ्रीसीच्या इतिहासातील पहिले अपील केले. मतदानात १०८ सदस्य मानकाच्या बाजूने, ५७ विरोधात आणि २० तटस्थ राहिले. १८ सप्टेंबर २०१७ रोजी मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच दिवशी ईएफएफने राजीनामा दिला.

हा वाद भारतापासून दूर नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने अशी तांत्रिक कुलपे तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संशोधनासारख्या काही कामांना त्यात सूट आहे.

या प्रकरणाचा धडा सरळ आहे. २०१७ मध्ये ५७ सदस्य विरोधात उभे राहिले, पण तोपर्यंत प्रमुख ब्राउझरमध्ये ही सोय येऊन बसली होती. एकदा काम हद्दीत आले, की चर्चा ‘कसे करायचे’ याची होते, ‘करायचे का’ याची नाही. ‘का’ विचारण्याची वेळ चार्टरच्या वेळीच असते.

दार बंदच ठेवले तर?

त्याचीही किंमत डब्ल्यूथ्रीसीने मोजली आहे. जून २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कार्यशाळेत मोझिला आणि ऑपेरा यांनी एचटीएमएल वाढवून त्यात वेब ॲपसाठी सोयी घालण्याचा प्रस्ताव मांडला. डब्ल्यूथ्रीसीचे भवितव्य तेव्हा एक्सएमएलवर आधारित नव्या भाषांमध्ये आहे, असे मानले जात होते. प्रस्ताव मतदानात फेटाळला गेला.

काही दिवसांतच ॲपल, मोझिला आणि ऑपेरातील मंडळींनी बाहेर पडून व्हॉटडब्ल्यूजी नावाचा स्वतंत्र गट काढला. तिथे जे घडले, त्यातून एचटीएमएल५ उभे राहिले. डब्ल्यूथ्रीसीने २००७ मध्ये एचटीएमएलसाठी पुन्हा कार्यगट स्थापन केला, पण एकाच भाषेची दोन मानके पुढची अनेक वर्षे समांतर चालली. अखेर मे २०१९ मध्ये करार होऊन एचटीएमएल आणि डॉमची सूत्रे व्हॉटडब्ल्यूजीकडे राहतील, असे ठरले.

व्हॉटडब्ल्यूजीत दोन वर्षांच्या मुदतीचे चार्टर नाहीत. नव्या सुविधेला किमान दोन ब्राउझर इंजिनांचा पाठिंबा आहे का, हा तिथला मुख्य निकष. ही पद्धत वेगवान आहे, पण तिच्यात ब्राउझर कंपन्यांचा शब्द अधिक वजनदार ठरतो. चार्टरची हद्द फार सैल ठेवली तर नको ते आत येते, फार घट्ट ठेवली तर हवे ते बाहेर जाते.

मराठीचा इथे काय संबंध?

तिसऱ्या टप्प्यातील भाषा-लिपीची तपासणी आठवा. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले मानक देवनागरीत कसे अडखळते, याचे साधे उदाहरण पाहा. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे दाखवण्याची सोय सीएसएसमध्ये आहे. इंग्रजीत पहिले अक्षर म्हणजे एक चिन्ह. पण ‘क्षितिज’चे पहिले अक्षर आपल्यासाठी ‘क्षि’, तर संगणकाच्या हिशेबात ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत. नियम नीट लिहिला नाही, तर अक्षराचे दोन तुकडे होतात. अशी जोडाक्षरे तोडू नयेत, हा नियम युनिकोडच्या मूलभूत आज्ञावलीतही २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील छपाईपेक्षा वेगळी. फॉन्टमध्ये ती वळणे असतील आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद असेल, तरच ब्राउझर ती दाखवू शकतो. वेबवर देवनागरीचे काय नीट चालते आणि काय नाही, याची डब्ल्यूथ्रीसीच्या आंतरराष्ट्रीयीकरण गटाने स्वतंत्र टिपणेही ठेवली आहेत. मात्र एखाद्या नव्या कामाच्या चार्टरमध्ये या गटाशी समन्वयाची अट आणि त्यासाठी वेळ ठेवला गेला, तरच त्या टिपणांचा उपयोग होतो. नंतर दुरुस्त करायचे म्हटले, की तोवर कोट्यवधी पाने जुन्या नियमावर उभी असतात.

सध्या काय सुरू आहे आणि आपण काय करू शकतो?

फोनमधील डिजिटल ओळखपत्र संकेतस्थळाला ब्राउझरमार्फत कसे दाखवायचे, यासाठीचे ‘डिजिटल क्रेडेन्शियल्स’ हे मानक आता फेडरेटेड आयडेंटिटी कार्यगटाच्या हद्दीत आले आहे. हा गट २०२४ मध्ये स्थापन झाला. सुरुवातीचे काम होते एका खात्याने दुसऱ्या संकेतस्थळावर लॉगिन करण्याचे. सरकारी ओळखपत्र मागणे इतके सोपे झाले, तर प्रत्येक संकेतस्थळ ते मागू लागेल, ही टीकाकारांची भीती. मानक नसेल, तर तीच मागणी अधिक असुरक्षित मार्गांनी होईल, हे समर्थकांचे म्हणणे. २०१३ च्या युक्तिवादांशी हे किती मिळतेजुळते आहे, ते लक्षात येईल. आधार आणि डिजिलॉकर वापरणाऱ्या देशाने याकडे दुर्लक्ष करावे, असा हा विषय नाही.

सल्लागार समितीत मत देण्यासाठी सदस्य संस्था व्हावे लागते. त्याचे शुल्क देश आणि उलाढालीनुसार ठरते. पण कम्युनिटी ग्रुप खुले आहेत, चार्टरचे मसुदे खुले आहेत आणि मराठीत एखादी गोष्ट कशी मोडते, हे दाखवणारा स्क्रीनशॉट जोडायला पदवी लागत नाही. महाविद्यालयातील संगणक विभाग, मराठी फॉन्ट बनवणारे, दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था यांच्या एका नेमक्या सूचनेला इथे मोठ्या कंपनीच्या सूचनेइतकेच उत्तर मिळवण्याचा हक्क आहे. अट एकच : ती मसुद्यावर चर्चा सुरू असताना पोहोचली पाहिजे.